परत बोलावलेली गाडी घ्यावी का?

घरात मोटार घ्यायचे ठरले की पहिले काही दिवस चर्चा किंमत, हप्ता आणि रंग यांचीच चालते. मग कोणीतरी बातमी आणतो, 'अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.' झाले! मामा म्हणतात, "ती गाडी नकोच." काका म्हणतात, "अरे, माझी सहा वर्षे चालली आहे, एक पै खर्च नाही." आणि निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होतो.

वास्तविक हा प्रश्न आवाजाने सुटणारा नाही. घरातली अनेक वर्षांची शिल्लक आणि घरातल्या माणसांचे जीव, दोन्ही त्यात गुंतलेले असतात. तो सोडवायला लागणारे सारे साहित्य मात्र तुमच्या आठवी-नववीच्या गणितात आणि प्रयोगशाळेत आहे. ते कसे, हे आज पाहू.

रिकॉल म्हणजे काय?

विकून झालेल्या गाड्यांत एखादा दोष असण्याची शक्यता कारखान्याला कळते. तेव्हा त्या गाड्यांच्या मालकांना बोलावून, भाग तपासून, लागल्यास तो फुकट बदलून दिला जातो. यालाच रिकॉल म्हणतात. गाडी कायमची परत घेणे असा त्याचा अर्थ सहसा नसतो. काम झाले की गाडी मालकाबरोबर घरी जाते.

ही पद्धत आपोआप आलेली नाही. अमेरिकेत राल्फ नेडर या वकिलाने १९६५ साली मोटारींच्या असुरक्षित रचनेवर पुस्तक लिहिले, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि १९६६ साली तेथे मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे मोटार उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेने पाळायची एक नियमावली केली. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना ते लागू आहेत, आणि हुकूम डावलणाऱ्या उत्पादकाला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नाशिकची दोन उदाहरणे

नाशिकला उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. सातपूरला महिंद्र कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे, इगतपुरीला तिचा इंजिनांचा कारखाना आहे. सातपूरलाच पूर्वीचा 'मायको', म्हणजे आजचा बॉश, डिझेल इंजिनाची नोझले बनवतो.

पहिले उदाहरण २०२० सालचे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी नवी थार बाजारात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात तयार झालेल्या १,५७७ डिझेल थार गाड्यांचे कॅमशाफ्ट तपासून बदलले जातील. कारण काय? कॅमशाफ्ट पुरवणाऱ्या कारखान्यात एका यंत्राची मांडणी चुकली होती.

कॅमशाफ्टचे काम इंजिनाच्या झडपा वेळच्या वेळी उघडण्याचे. चार ठोक्यांच्या इंजिनात मुख्य दांडा दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो. मुख्य दांडा मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल तर कॅमशाफ्टचे १,५०० फेरे होतात, म्हणजे सेकंदाला २५. प्रत्येक झडप तासाभरात ९०,००० वेळा उघडते आणि मिटते. कॅमच्या आकारात केसाएवढी चूक असली तरी ती तासाला नव्वद हजार वेळा गिरवली जाते!

दुसरे उदाहरण जुलै २०२१ चे. २१ जून ते २ जुलै या बारा दिवसांत नाशिकला तयार झालेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या कंपनीने तपासणीसाठी बोलावल्या. एका विशिष्ट दिवशी कारखान्यात आलेले इंधन अशुद्ध असल्याचा संशय होता, आणि त्यामुळे इंजिनाचे भाग लवकर झिजण्याची भीती होती.

थोड्याशा मळकट डिझेलाने एवढे काय होते? आजच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त असतो, आणि ते मिलिमीटरच्या एक-दोन दशांश रुंदीच्या छिद्रांतून फवारले जाते. आतल्या सरकत्या भागांमधली फट अवघी काही मायक्रॉन असते. तुमच्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. शिवाय या पंपात वेगळे वंगण घातलेले नसते. डिझेल हेच त्याचे वंगण. त्यात पाणी किंवा कचकच आली की वंगणच पॉलिश कागदासारखे घासू लागते.

दोन तऱ्हेच्या चुका

आता प्रयोगशाळेत या. व्हर्निअर कॅलिपरने तुम्ही एकाच गोळीचा व्यास दहा वेळा मोजता. उत्तरे थोडी इकडेतिकडे येतात. कधी हात हलतो, कधी डोळा तिरपा असतो. ही झाली यादृच्छिक त्रुटी. पण जबडे मिटलेले असताना व्हर्निअरचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्यावर येत नसेल, तर दहाही उत्तरे एकाच दिशेने आणि सारखीच चुकतात. ही पद्धतशीर त्रुटी. प्रयोगवहीत आपण तिला 'झिरो एरर' म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

गाड्यांचेही तसेच आहे. एखाद्या गाडीत एखादा नट सैल राहिला, तर ती यादृच्छिक चूक. ती त्या एका मालकाला त्रास देते. पण यंत्राची मांडणीच चुकली, तर त्या यंत्रातून निघालेला प्रत्येक भाग संशयित ठरतो. चूक ज्या दिवशी सुरू झाली तेथपासून ती सापडली त्या दिवसापर्यंत! म्हणून रिकॉलच्या बातमीत नेहमी दोन तारखा असतात. रिकॉल हा पद्धतशीर चुकीवरचा उपाय आहे.

आता मला सांगा, शून्यांक त्रुटी असलेला व्हर्निअर तुम्ही टाकून देता का? नाही. त्रुटी कळली की ती वजा करता, आणि उत्तर बरोबर येते. घातक व्हर्निअर तोच, ज्याची त्रुटी कोणी तपासलेलीच नाही.

गाडीचा पहिला नियम यातून मिळतो. दोष सापडला, भाग बदलला, नोंद झाली, अशी गाडी केवळ 'रिकॉलवाली' म्हणून नाकारण्याचे कारण नाही. उलट, एखाद्या गाडीचा कधीच रिकॉल झाला नसेल तर त्याचे दोन अर्थ निघतात. तिच्यात दोष नसेल, किंवा कोणी नीट शोधला नसेल. नुसत्या शांततेवरून यांपैकी कोणता अर्थ खरा ते कळत नाही.

मात्र उपमा जरा जपून वापरावी. एकाच भागासाठी तीच गाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलावली गेली, तर पहिल्या वेळी खरे कारण सापडले नव्हते असे समजावे. तेथे सावध राहणेच बरे.

आकडा मोठा की छोटा?

बातमीतला आकडा पाहून माणसे घाबरतात. पण तो आकडा सांगतो तरी काय?

महिंद्रनेच ऑगस्ट २०२३ मध्ये एक्सयूव्ही ७०० या जातीच्या १,०८,३०६ गाड्या इंजिनाजवळची वायर घासली जाते का हे पाहण्यासाठी बोलावल्या. या गाड्या ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळातल्या होत्या. आता तीन रिकॉल शेजारी शेजारी मांडा. सहाशेहून कमी गाड्या, काळ १२ दिवस. १,५७७ गाड्या, काळ ११० दिवस. लाखावर गाड्या, काळ दोन वर्षांहून अधिक.

काय दिसते? चूक किती दिवस लपून राहिली, त्यावर आकडा बराचसा ठरतो. एका टँकरमधल्या इंधनाचा संशय लगेच घेता येतो. वायर घासली जाते ती हळूहळू, गाडी हजारो किलोमीटर हादरे खात चालल्यावर. तेव्हा मोठा आकडा म्हणजे मोठा दोष असे नव्हे. 'या गाड्यांत असा दोष असू शकतो' एवढेच तो सांगतो. प्रत्यक्ष दोष त्यांतल्या थोड्याच गाड्यांत निघण्याचाही संभव असतो.

आणखी एक गोष्ट विसरू नका, ती म्हणजे छेद. समजा, 'अ' जातीच्या दोन लाख गाड्या विकल्या गेल्या आणि ४०,००० परत बोलावल्या. 'ब' जातीच्या वीस हजार विकल्या आणि १०,००० परत बोलावल्या. बातमीत 'अ' चौपट वाईट दिसते. पण शेकडेवारी काढा. 'अ' मध्ये २० टक्के, तर 'ब' मध्ये ५० टक्के! अंशाखाली छेद लिहिल्याशिवाय अपूर्णांक होत नाही, आणि तुलनाही होत नाही.

किती शक्य आणि किती घातक

सगळे दोष सारख्या तोलाचे नसतात. काच खाली-वर करणारी मोटर बिघडणे आणि ब्रेक न लागणे यांना एकाच तागडीत घालता येईल का? दोष उद्भवण्याची शक्यता किती आणि उद्भवला तर हानी किती, या दोहोंचा गुणाकार मनात करायला हवा.

हानी जागेवरही अवलंबून असते. नाशिकहून मुंबईला जाताना इगतपुरीनंतर कसारा घाट उतरावा लागतो. उतार सुमारे ३०० मीटरचा धरू. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,५०० किलोग्रॅम घ्या. स्थितिज ऊर्जा = १,५०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ४४ लाख ज्यूल. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सारी ऊर्जा कोठेतरी उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत २० अंशांचे १३ लिटर पाणी उकळीला येईल! खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा उचलते, म्हणून तर घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये असे सांगतात. उरलेला भार ब्रेकवर पडतो. गल्लीत जो ब्रेकचा दोष कुंपणावर आपटून संपेल, तोच दोष कसाऱ्यात जिवावर बेतेल.

शक्यता अगदी लहान पण हानी भयंकर, अशा दोषाचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग. टक्कर झाल्यावर एअरबॅग सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांशात फुगावी लागते. डोळ्याची एक उघडझापसुद्धा एवढ्या वेळात होत नाही. यासाठी ताकाताने अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरले होते. या रसायनाचे स्फटिक सुमारे ३२ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतात आणि त्याबरोबर त्यांचे आकारमानही बदलते. दिवसा ऊन, रात्री गारवा, सोबत दमट हवा. वर्षानुवर्षे असे चालले की वड्यांना चिरा पडतात, त्यांचा भुगा होतो.

भुगा झाल्याने काय बिघडते? एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन करा. आता एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर! जळणारा पृष्ठभाग दसपट झाला की वायू फार झपाट्याने तयार होतो, दाब आवाक्याबाहेर जातो आणि धातूची डबी फुटून तिचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. ज्या वस्तूने वाचवायचे, तीच मारते. अमेरिकेत अशी पंचवीसहून अधिक माणसे दगावली, आणि तेथे सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगच्या डब्या बदलायला काढल्या. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी याच कारणासाठी गाड्या बोलावल्या. २०१७ साली ताकाताचे दिवाळे निघाले.

यात दोन धडे आहेत. पहिला हा की डझनाहून अधिक नामवंत कंपन्यांच्या गाड्यांत हाच एक भाग होता. गाडीवरचे नाव वेगळे असले तरी आतले भाग एकाच पुरवठादाराकडचे असू शकतात. दुसरा हा की काही दोष वयाने आणि हवेने पिकतात. किनाऱ्यावरच्या दमट गावात दहा वर्षे उभी राहिलेली गाडी आणि तेवढ्याच वयाची देशावरची गाडी यांची प्रकृती एक नसते.

काकांची गाडी आणि पाच जणांचे मत

आता टिकाऊपणाकडे वळू. "मी पाच जणांना विचारले, कोणाचीच तक्रार नाही," असे आपण ऐकतो. या साक्षीला वजन किती?

समजा, एका जातीच्या गाड्यांपैकी १० टक्के गाड्या तीन वर्षांत मोठा खर्च काढतात. एक गाडी चांगली निघण्याची शक्यता ०.९. पाचही चांगल्या निघण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९. दुसरी जात दुप्पट चांगली आहे, तिच्यात ५ टक्केच गाड्या बिघडतात असे धरा. तेथे पाचही चांगल्या निघण्याची शक्यता ०.७७ येते. म्हणजे दोन्ही जातींबद्दल पाच जण 'उत्तम!' असे म्हणण्याचाच संभव जास्त. पाच साक्षीदारांना दुप्पट फरकही दिसत नाही.

तीस जणांना विचारले आणि एकही तक्रार नसली, तर ०.९ चा तिसावा घात सुमारे ०.०४ येतो. आता मात्र 'दहात एक बिघडते' ही शंका आपण बरीचशी दूर करू शकतो. म्हणून काकांचे म्हणणे खोटे नसते, पण ते फक्त एकच वाचन असते. एका वाचनावर तुम्ही प्रयोगवहीत सरासरी लिहाल का?

यंत्रांच्या बिघाडाचा वयानुसार आलेख काढला तर तो न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण कारखान्यातल्या चुका तेव्हा उघड होतात. मध्ये बराच काळ सपाट. शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा चढ. थारचा कॅमशाफ्टचा प्रश्न नव्या जातीच्या पहिल्याच काही महिन्यांतला होता, हे लक्षात घ्या. ज्यांना घाई नाही त्यांनी अगदी नवी जात आल्यावर वर्षभर थांबावे, हा जुन्या माणसांचा सल्ला या आलेखाला धरूनच आहे.

मग करावे काय?

घरात गाडीची चर्चा निघाली की तुम्ही हे काम अंगावर घ्या.

पहिले, आवडलेल्या जातीचे आजवरचे रिकॉल लिहून काढा. प्रत्येकापुढे चार रकाने करा : कोणता भाग, कोणत्या तारखा, विकलेल्या गाड्यांच्या किती टक्के, आणि दोष उद्भवला तर हानी काय. ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाची नळी, एअरबॅग, सीटचा पट्टा यांखाली लाल रेघ मारा.

दुसरे, जुनी गाडी घ्यायची असेल तर तिचा चॅसिस क्रमांक उतरवून घ्या. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरीत नाहीत. हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून किंवा अधिकृत सेवाकेंद्रात दाखवून विचारा, "या गाडीचा रिकॉल होता का, आणि काम पूर्ण झाले का?" कंपनीचे पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. गाडी दोन हात फिरली की ते पत्र हरवते आणि दोष गाडीतच राहतो. काम न झालेला रिकॉल हाच खरा धोका. तसे निघाल्यास आधी काम करून घ्या, मग पैसे मोजा.

तिसरे, टिकाऊपणाविषयी विचारताना 'गाडी कशी आहे?' असे विचारू नका. 'तीन वर्षांत कोणता भाग बदलला आणि किती खर्च आला?' असे विचारा, आणि जमतील तितक्या मालकांना विचारा. गावच्या गॅरेजवाल्यालाही विचारा. पण त्याच्याकडे बिघडलेल्या गाड्याच येतात आणि ज्या जातीच्या गाड्या जास्त त्याच जास्त येतात, हे ध्यानात ठेवून ऐका.

या सर्वांतून 'निर्दोष गाडी' सापडेल का? नाही. तशी गाडी नसते. सापडेल ती अशी गाडी, जिचे दोष माहीत आहेत आणि दुरुस्त झालेले आहेत.

नाशिकच्या वाचकांसाठी एक शब्द अधिक. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत मोटारींचे सुटे भाग बनवणारी कितीतरी छोटी वर्कशॉपे आहेत, आणि तुमच्यापैकी काहींचे आईवडील तेथे काम करीत असतील. यंत्राची मांडणी चुकली आहे हे पहिल्यांदा कळू शकते ते तेथल्या मायक्रोमीटरवर, आणि तो हातात धरणाऱ्या माणसाला. त्याने तो भाग बाजूला ठेवला तर रिकॉलची वेळच येत नाही. प्रयोगवहीत शून्यांक त्रुटी प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय पुढे अशी उपयोगी पडते.

करून पाहा

एका डब्यात ९० हरभरे आणि १० काळे वाटाणे मिसळा. हरभरा म्हणजे चांगली गाडी, वाटाणा म्हणजे बिघडणारी. डोळे मिटून पाच दाणे काढा, त्यांत वाटाणा आला का ते लिहा, दाणे परत टाकून नीट ढवळा. असे वीस वेळा करा. साधारण बारा वेळा पाचही दाणे हरभऱ्याचेच निघतील. मग एका वेळी तीस दाणे काढून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही तक्ते घरातल्या चर्चेच्या वेळी काकांपुढे ठेवा.